पंजाबरावांच्या फियाटची डावी सीट

पंजाबराव गावंड्यांना दोन बायका आहेत, असं दारव्ह्याच्या जुन्या बाजारओळीतलं शेंबडं पोरही छातीठोकपणे सांगेल. थोरली रुखमाबाई. ती घरात असते. धाकली गाडीत असते. रंगानं लालभडक, अंगानं गोल, गळ्यात काळी नळी आणि छातीवर एक छोटी तबकडी. पंजाबरावांची एकोणीसशे सदुसष्ट सालची फियाट गल्लीतून निघाली की पुढच्या डाव्या सीटवर ही बाई टॉवेलनं कमरेला बांधून ताठ बसलेली दिसते. आग विझवायचं सिलिंडर आहे ते. पण पंजाबरावांचा जुना दोस्त सेवादास राठोड यानं पहिल्याच दिवशी त्याला हात जोडून "नमस्कार, धाकली वहिनी" म्हटलं, आणि गावानं तेच नाव चालू ठेवलं.

धाकलीची बडदास्त मोठी. दर महिन्याच्या एक तारखेला पंजाबराव तिला अंगणात आणतात, ओल्या फडक्यानं पुसतात, मग उलटी करून छातीशी धरतात आणि रबरी हातोडीनं बुडावर हलके हलके ठोकतात. आतली पावडर तळाशी घट्ट बसली तर ऐन वेळी बाहेर येत नाही, म्हणून हे करावं लागतं. पण रस्त्यानं जाणाऱ्याला तसं कोण सांगणार? त्याला दिसतं ते एवढंच की एकोणसत्तर वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला एक गृहस्थ लाल डबा खांद्याशी घेऊन थोपटतोय.

"दूध पाजलं का गा?" सेवादास जाता जाता कुंपणावरून विचारतो. "ढेकर निघाला का?"

"तुह्या घरी आग लागली ना, मंग येशील बोंबलत," पंजाबराव म्हणतात.

आग या विषयावर पंजाबरावांचा शब्द गावात शेवटचा होता. उगाच नाही. चौतीस वर्षं ते एका जिनिंगमध्ये आगराखे होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी. अंगणात दोन-दोन मजली कापसाच्या गंज्या, आणि एका ठिणगीत सगळ्याची राख. पंजाबराव वाळूच्या लाल बादल्या घेऊन त्या गंज्यांभोवती असे फिरत की जणू आत एखादा राजा झोपलाय. बिडी ओढणारा हमाल त्यांना शंभर पावलांवरून वासानं कळायचा. चौतीस वर्षांत त्यांच्या राखणीतली एक गंजी जळली नाही. पेटली ती एकच वस्तू, त्यांची स्वतःची गाडी, आणि तीही सासुरवाडीहून परत येताना.

गाडी मुळात जिनिंगच्या शेठची. शेठनं नवी घेतली तेव्हा जुनी पंजाबरावांना दिली, कारण ती सुरू कशी करायची हे साऱ्या जिनिंगमध्ये त्यांना एकट्यालाच जमत होतं. पंजाबराव त्या दिवशी पेढे वाटत सुटले. रुखमाबाईनं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. पंजाबराव वळसा घालून आले आणि त्यांनी तिच्यासाठी दार उघडलं.

त्या दाराची गावात फार चर्चा झाली. कारण पंजाबराव दर वेळी असंच करायचे. कुठंही गाडी थांबली की आधी स्वतः उतरायचे, पुढून वळसा घालायचे आणि बायकोसाठी बाहेरून दार उघडून उभे राहायचे. बाजारातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "पाह्य वं, कसा थाट हाय! नाईतर आमचे. गाडी सोड, बैलगाडीतून बी ढकलून देते." रुखमाबाई लाजून पदर सावरायची. ती तीन वर्षं पंजाबरावांच्या आयुष्यातली सगळ्यात उजेडाची. डावीकडं बायको, हाताशी स्टिअरिंग, आणि तिचं अखंड बोलणं. कुणाच्या शेतात तूर चांगली आली, कुणाच्या सुनेनं चूल वेगळी केली, हे बघा पळस फुलला, तिकडं बघू नका, पुढं पाहा.

मग तो दिवस आला. सव्वीस वर्षं झाली त्याला.

बाभुळगावकडच्या सासुरवाडीहून दोघं परत येत होते. मागच्या सीटवर गाद्यांसाठी आणलेली पिंजलेली रुई छतापर्यंत कोंबलेली. यवतमाळ सोडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले आणि बोनेटखालून धूर यायला लागला. दोष गाडीचा नव्हता. पेट्रोलची नळी चिरली होती, म्हणून आदल्या आठवड्यात पंजाबरावांनी कपाशीवर औषध मारायच्या पंपाची नळी कापून तिथं बसवली होती. "नळी म्हंजे नळी," असं ते तेव्हा म्हणाले होते. पेट्रोलनं ती नळी चार दिवसांत भिजल्या पोळीसारखी मऊ केली.

आग विझली. पंजाबरावांनी सासऱ्यानं दिलेला कोट अंगातून काढला, बोनेट उघडलं आणि कोटानं बडवून बडवून ती विझवली. एक टेम्पोवाला थांबला, त्यानं माती टाकली. रुई वाचली, गाडी वाचली, दोघं वाचले. पुढं कितीतरी वर्षं पंजाबराव हा प्रसंग सांगत आणि शेवटी म्हणत, "कोट गेला, पन माह्या रुखमीच्या केसाले धक्का लागू देला नाई म्या."

रुखमाबाई मात्र त्यानंतर गाडीत बसली नाही. भांडली नाही, रडली नाही. फक्त बसली नाही. "मी येतो ना मागून," एवढं म्हणायची आणि काळीपिवळीच्या थांब्याकडं चालू लागायची. काळीपिवळी म्हणजे गावोगाव शेअरनं माणसं भरून नेणारी जीप. नऊ जणांच्या जागेत सोळा.

आगीची भीती बसली बिचारीच्या मनात, असं पंजाबरावांनी ठरवलं. आगराख्यानं दुसरं काय ठरवावं? ते यवतमाळला गेले आणि सिलिंडर घेऊन आले. ते तिच्या नजरेस पडावं म्हणून पुढं ठेवलं. पुढं म्हणजे डाव्या सीटवर. बायकोची भीती घालवायला आणलेली वस्तू त्यांनी बायकोच्याच जागेवर बसवली, आणि मग सव्वीस वर्षं ती जागा भरली जाण्याची वाट पाहिली. पंजाबरावांची अक्कल अशीच होती. प्रेमळ, मेहनती आणि चुकीच्या जागी ठेवलेली.

तेव्हापासून रुखमाबाई माहेरी निघो, लग्नाला निघो, की पुसदला मुलीकडं निघो, दृश्य एकच. पुढं काळीपिवळी. मागं वीस हात अंतरावर फियाट, आत पंजाबराव आणि धाकली. जीप थांबली की फियाट थांबते. जीप सुटली की फियाट सुटते.

"काकू, काका मागं येऊन राह्यले," जीपवाला आरशात पाहून सांगायचा.

"येऊ दे. रस्ता काय माह्या बापाचा हाय?"

"गाडी रिकामी हाय त्यायची. तीन-चार जन तिकडं पाठवू का?"

"पाठव. पन वळसा घालून दार उघडते थो मानूस. तेवढ्यात तुही दुसरी ट्रिप होते."

सारी जीप हसायची. मागं पंजाबरावांना हसणं ऐकू यायचं नाही, नुसते हलणारे खांदे दिसायचे. त्यातले रुखमाबाईचे खांदे कोणते, हे त्यांना बरोबर कळायचं. ती नेहमी मागच्या आडव्या बाकड्यावर, अगदी दाराशी बसायची. पंजाबराव तिच्या कानामागच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडं पाहत गाडी चालवायचे. आधी दोन-चार केस पांढरे होते. मग बट पांढरी झाली. मग सगळेच. बायको म्हातारी होताना त्यांनी जीपच्या मागच्या काचेतून पाहिली. घरात रोज समोर असायची, पण घरात माणूस माणसाकडं पाहतो कुठं?

कधी कधी एकटेच असताना ते बोलायचे. "तूर बरी हाय औंदा, नाई?" धाकली तिच्या तबकडीतला काटा हिरव्या पट्टीत ठेवून गप्प बसायची. पंजाबराव पुढं पाहायचे.

या दिवाळीत त्यांनी मैलाच्या एका दगडाला वासरू समजून पाच मिनिटं हॉर्न दिला. दगड हटला नाही. बातमी पुसदला पोचली आणि निशिगंधाचा फोन आला. निशिगंधा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत मुख्याध्यापक. बापाशीही ती प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांशी बोलावं तशी बोलते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन लगेच झालं. डॉक्टरांनी दिवसा गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. निशिगंधानं हरकत घेतली.

"बाबा, महिनाभरानं आमच्या नव्या घराची वास्तू आहे. तुम्ही गाडीनं या, मी अडवत नाही. पण ही शेवटची. इथं आलात की किल्ली माझ्या हातात द्यायची. गाडी आमच्या अंगणात उभी राहील, मी रोज पुसून ठेवीन. कबूल?"

पंजाबरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग म्हणाले, "कबूल."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या मनात गाडीचा विचार नव्हता. चालवायची हौस फिटली होती. विचार होता तो दारव्हा ते पुसद एवढ्या रस्त्याचा. तेवढाच उरला होता. तेवढ्यात रुखमी शेजारी बसली तर बसली.

संध्याकाळी त्यांनी विषय काढला. "यंदा तू पुढं बस. धाकली... म्हंजे सिलिंडर मागं ठेवतो. नवीन भरून आनतो यवतमाळहून. भेव नाई आता कायचं."

"इंदुताईले शब्द देला म्या," रुखमाबाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. इंदुताई शेजारीण. तिची बहीण पुसदला. "आमी दोघी काळीपिवळीनं जातो."

"एक डाव..."

"तुमी या ना मागून."

तरी पंजाबरावांनी तयारी सोडली नाही. त्यांचं म्हणणं असं, की सीटची स्प्रिंग टोचत असेल. सव्वीस वर्षं सिलिंडर बसलंय तिच्यावर, तिनं तक्रार केली नसली तरी खड्डा पडला असेल. म्हणून एका दुपारी त्यांनी स्वतः त्या सीटवर बसून पाहायचं ठरवलं. गल्ली अरुंद असल्यामुळं गाडी, पंजाबराव उतरल्यावर ढकलून, उजव्या अंगानं भिंतीला अगदी चिकटवून लावलेली असते. उजवीकडची दारं उघडायला जागा नाही. मागचं डावं दार कधीचं तारेनं बांधलेलं. त्यांनी पुढचं डावं दार बाहेरून उघडलं, धाकलीला पायाशी ठेवलं, सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं, म्हणजे चालत्या गाडीत कसं वाटतं ते कळावं.

बरं वाटलं. स्प्रिंग टोचत नव्हती. समोरून दिसणारी गल्ली डावीकडून जरा वेगळीच दिसत होती. हे तिला दिसायचं तर, असं मनात येऊन ते थोडा वेळ बसून राहिले.

मग उतरायला गेले.

आतली मूठ हातात गर्रकन फिरली. ती तशीच फिरते. शेठच्या काळापासून तिला आत काही धरायलाच नाही. काच खाली करू गेले तर चार बोटं उतरून अडकली. कार्तिकातलं ऊन पत्र्यावर. पंजाबरावांनी खांद्यानं दार ढकललं, गुडघ्यानं ढकललं, मग दाराला एक सणसणीत वऱ्हाडी शिवी दिली. जुन्या काळचं पोलाद. शिवीला दाद देत नाही. शेवटी ते चार बोटांच्या फटीला तोंड लावून ओरडले, "अवं! अवं ए! रुखमे!"

रुखमाबाई हात पुसत आली. गाडीपाशी थांबली. वाकून पाहिलं.

"कायले बोंबलता?"

"दार उघड ना."

"तुमची गाडी, तुमचं दार. उघडा."

"आतून उघडत नाई ना हे!"

"हो का?" रुखमाबाई म्हणाली. "कवापासून?"

शेठच्या काळापासून, असं म्हणायला पंजाबरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"किती येळ झाला बसून?" तिनं विचारलं.

"वीसेक मिन्टं झाली असन."

"घाम आला?"

"आला ना."

"डबा हाय ना पायापाशी? मंग कायले घाबरता?" ती हसत नव्हती. "मी दोनच मिन्टं होती आत. तुमच्या बाजूनं सारा धूर आत येऊन राह्यलता. मागं छतापावतर रुई. तुमी कोट काढला, बोनेट उघडलं. म्या मूठ फिरवली. फिरूनच राह्यली. मंग काच वाजवली. बांगड्या फुटल्या माह्या. तुमी पाह्यलं."

"म्या पाह्यलं?"

"हाव. पाह्यलं आन् हात केला. थांब म्हनून."

पंजाबरावांना तो हात आठवला. सव्वीस वर्षं त्यांना तो आठवत होता, पण त्यांच्या आठवणीत त्याचा अर्थ 'भिऊ नको, मी आहे' असा होता. हात तोच. वर केलेला पंजा. काचेच्या आतून तो कसा दिसला असेल, हे त्यांना आत्ता, त्याच काचेच्या आतून, पहिल्यांदा कळत होतं.

"दार टेम्पोवाल्यानं उघडलं," रुखमाबाई म्हणाली. "माती टाकाच्या आंधी. मले हाताले धरून वडाखाली नेऊन बसवलं, मंग तुमच्याकडं गेला. नाव बी नाई विचारलं म्या. दर राखीले देव्हाऱ्यात एक राखी ठेवतो ना मी, थे त्याची हाय."

"म्या समजलो देवाची हाय."

"समजले ना. तुमी बरंच काई समजता."

"मंग सांगतलं काहून नाई? इतके साल!"

"सांगतल्यावर त पगाराचा सालदार बी दार उघडते."

"मी हे डबडं घेऊन फिरून राह्यलो, तुह्यासाठी..."

"मले आगीचं भेव वाटते असं म्या कवा म्हनलं? जिनिंगवाल्याची बायको हाय मी." तिनं बाहेरची मूठ दाबली. दार उघडलं. "या बाहेर. भाजी करपून राह्यली माही."

आणि ती आत निघून गेली.

पंजाबराव मात्र लगेच उतरले नाहीत. उघड्या दारात पाय बाहेर टाकून बसून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं सांगायला बरं वाटलं असतं, पण जेवले. चार पोळ्या खाल्ल्या आणि भाजी करपली आहे हे एकदाही म्हणाले नाहीत. पंजाबरावांच्या हिशेबानं हा उपासच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन सेवादासच्या तांड्यावर गेले. सेवादास जिनिंगमध्ये फिटर होता. दाराचं आतलं कव्हर खोलून दोघं बसले. कुलपाला ओढणारी पट्टीच तुटून पडलेली. तसा भाग आता कुठं मिळणार? सेवादासनं घरातून जिनिंगच्या जुन्या यंत्राचं एक पातं आणलं, कानशीनं घासून घासून तशी पट्टी केली. तीन दिवस लागले. पहिली आखूड पडली, दुसरी अडकली.

"पंजाबभाऊ, एक विचारू का?" सेवादास कानस थांबवून म्हणाला. "इतके साल मी धाकलीले मांडीवर घेऊन बसो, त मले बी तू वळसा घालून दार उघडून देत होता. मले वाटे, शेठ म्हनून मान देऊन राह्यला."

"मले बी तसंच वाटे," पंजाबराव म्हणाले.

सेवादासला त्यांचा चेहरा पाहून पुढची थट्टा सुचली नाही. त्याच्या आयुष्यात असं क्वचित घडतं.

मूठ बसली. 'खट' असा आवाज आला आणि दार आतून उघडलं. पंजाबरावांनी घरी जाऊन सांगितलं नाही. सांगायचं काय? सालदारही उघडतो, ते शब्द कानात होते. त्यांनी फक्त धाकलीला मागच्या सीटवर बांधलं आणि डावी सीट झटकून ठेवली. दोन दिवसांनी दुपारी ते माजघरात पडले होते. 'खट' ऐकू आलं. परत 'खट'. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर रुखमाबाई एकटीच गाडीत बसलेली. दार ओढून घ्यायची, थांबायची, मूठ फिरवायची, दार उघडायचं. पाय बाहेर. पाय आत. पुन्हा. तिच्या कपाळावर आठी होती, विहिरीत दोर किती खोल जातो ते पाहणाऱ्या माणसासारखी. पंजाबराव खिडकीपासून बाजूला झाले आणि झोपल्याचं सोंग घेऊन घोरू लागले. जरा जास्तच जोरात घोरले.

वास्तूच्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरं धोतर नेसलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी काढून ठेवली. रुखमाबाई हिरवं लुगडं नेसून बाहेर आली, हातात पिशवी, सोबत इंदुताई. गाडीपाशी आली. थांबली. आणि काळीपिवळीच्या थांब्याकडं चालू लागली.

"या मागून," ती म्हणाली.

पंजाबराव मागून निघाले. आज डावी सीट मोकळी होती. इतकी वर्षं निदान तिच्यावर काहीतरी बसलेलं असायचं, वळणावर टॉवेलात थोडं कलायचं, त्याला हात लावून सरळ करावं लागायचं. आज वळणावर त्यांचा हात डावीकडं गेला आणि रेक्झिनवर टेकून परत आला. पुढं जीपच्या मागच्या बाकड्यावर पांढरे केस हलत होते. दोन्ही बाजूंना वेचणी चालू होती. कापूस फुटलेल्या शेतांमधून बाया कमरेला ओटे बांधून वाकलेल्या. एरवी ते धाकलीला सांगत, हे शेत बरं, ते शेत लाल पडलं. आज काहीच सांगितलं नाही. झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. दिग्रस, मग पुसद, मग किल्ली. पट्टी उशिरा बसली. सव्वीस वर्षं उशिरा बसलेली पट्टी काय कामाची? एवढं तर जिनिंगमधल्या पोऱ्यालाही कळतं.

दिग्रसला जीप थांबली. माणसं उतरली, चढली. पंजाबराव नेहमीप्रमाणं वीस हात मागं थांबले. इंजिन चालूच ठेवलं. ती हातात पिशवी घेऊन उतरताना दिसली तेव्हा त्यांना वाटलं, पाणी प्यायला असेल. पण ती पाण्याकडं गेली नाही. जीप आणि फियाट यांच्यामधलं अंतर चालत येऊन ती डाव्या दाराशी उभी राहिली.

पंजाबराव घाईघाईनं आपलं दार उघडून वळसा घालायला निघाले.

"बसा," रुखमाबाई म्हणाली. "हात हायत मले."

तिनं दार उघडलं, बसली, ओढून घेतलं. मग लगेच आतून मूठ फिरवली. खट. दार उघडलं. एक पाय दिग्रसच्या रस्त्यावर टेकवला, आत घेतला, दार पुन्हा लावलं.

"इंदुताई?" पंजाबरावांनी विचारलं.

"थे म्हने, जाय माय एकदाची. सव्वीस साल झाले, पुढं जागा रिकामी असली तरी तू मागंच बसते, दाराशी, आन् मान मोडून मागं पाहत राह्यते. आमाले बी मोकळं होईल." ती समोर पाहत होती. "चला. जीप गेली थे."

पंजाबरावांनी गाडी पुढं काढली. इतक्या वर्षांत तिला सांगायच्या गोष्टी त्यांनी मनात गंजीसारख्या रचून ठेवल्या होत्या. माफी होती त्यात. विनोद होते. एका वळणावरचा पळस होता. त्यातली एकही वेळेवर हाती लागली नाही. "काच खाली होत नाई," एवढंच ते म्हणाले.

"मालूम हाय."

शहर मागं पडलं. जीप पुढं लहान होत होत दिसेनाशी झाली. पंजाबरावांना रस्ता असा मोकळा, पुढं कुणाचे केस नसलेला, किती वर्षांनी दिसला. त्यांनी तिरक्या नजरेनं डावीकडं पाहिलं. पिशवी मांडीवर. उजवा हात पिशवीवर. डावा हात दाराच्या मुठीवर, बोटं घट्ट वळलेली.

त्यांनी नजर रस्त्यावर आणली. पुढच्या वळणावर पाहिलं. हात तिथंच. घाट लागला, तरी तिथंच. सोड आता, मी आहे ना, असं म्हणायला ओठ हलले आणि त्यांनी ते मिटून घेतले. म्हणायचा हक्क एकदा होता, तो त्यांनी कोटाबरोबर जाळला होता. मग त्यांनी एवढंच केलं, की चाळीसवरची गाडी तीसवर आणली, आणि थोड्या वेळानं पंचवीसवर. मागून एका ट्रॅव्हल्सनं हॉर्न दिला, शिव्या दिल्या आणि ती पुढं निघून गेली.

"तूर बरी हाय इकडं," बऱ्याच वेळानं रुखमाबाई म्हणाली.

"हाव," पंजाबराव म्हणाले. डोळ्याचं ऑपरेशन नवं असल्यामुळं त्यांना समोरचं थोडं धुरकट दिसत होतं.

पिशवीतला फोन वाजायला लागला. निशिगंधाच असणार. कुठवर आलात, जेवणं खोळंबलीत, किल्ली. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"उचल ना. पोरगी काळजीत असन."

"पिशवीची गाठ सोडाले दोन हात लागते," रुखमाबाई म्हणाली. मुठीवरचा हात तिनं सोडला नाही. "वाजू द्या. तुमी चालवा सावकाश."